ह्यो बरो आसा

११ जानेवारी २०२४

मालिकेच्या कालच्या भागातलं माझं वाक्य: "वहिनी, चहा टाका." शब्द तीन. या तीन शब्दांना खरोखर काय काय लागलं ते मांडून ठेवतो, नाहीतर पुढे माझं मलाच खरं वाटणार नाही. पहाटे पाचला उठणं. मिशीला काळा रंग, त्याची दोन दिवस खाज. दहिसरहून मरोळपर्यंत रिक्षा, मेट्रो, परत रिक्षा. प्लास्टिकच्या खुर्चीवर अकरा तास, त्यातले चार बंद पंख्याखाली. माझ्या बायकोच्या, जयाच्या भाचीचा साखरपुडा बुडाला, तिकडचा रुसवा अजून शिल्लक आहे. ॲसिडिटीच्या दोन गोळ्या. आणि एवढं करून वहिनींनी चहा टाकलाच नाही, कारण पुढचा सीन रद्द झाला.

तरी आज खुशीत आहे. नवी वही काढली ती त्यासाठीच.

मिहिर परांजपे नावाच्या दिग्दर्शकाने अंधेरीच्या ऑफिसात बोलावलं होतं. वय एकतीस. म्हणाला, "काका, बाप आहे. मालवणी. त्याचा मुलगा हरवलाय आणि तो सिनेमाभर त्याला शोधतोय. चौऱ्याऐंशी सीन आहेत, त्यातले एकसष्ट तुमचे."

मी विचारलं, "मी कधी मरतो?"

"तुम्ही नाही मरत."

"बघ हां. माझं सहसा इंटरव्हलच्या आत आटपतं."

हसला. मग म्हणाला, "तुमचा तो वऱ्हाडी हवालदार बघितला, आगरी सासरा बघितला. दोन्ही एकच माणूस आहे हे मला महिनाभर कळलं नव्हतं. मला तुमचे कान हवेत, काका." सगळं जागेवरच रेकॉर्ड करणार म्हणे, सिंक साउंड. मागाहून डबिंग नाही.

म्हटलं, माझी काही हरकत नाही. एकोणतीस वर्षांत माझ्या तोंडात दुसऱ्याचा आवाज कुणी घातलेला नाही. चेहरा लोक विसरतात. रस्त्यात भेटले की "तुम्ही बँकेत होता ना?" विचारतात. पण पाठमोरा असलो आणि नुसतं "कोथिंबीर कशी दिली" म्हणालो तरी भाजीवाली वळून नाव घेते. धोंडिराम ओव्हाळ म्हणजे आवाज. बाकी सगळा मेकअप.

१४ जानेवारी

मिहिरने संहिता पाठवली, साध्या मराठीत. वर लिहिलंय, "मालवणी तुम्ही घाला." शहाणा आहे. बोली कागदावरून येत नाही, कानावाटे येते.

एक गोष्ट मी मुलाखतीत सांगत नाही, वहीत लिहायला हरकत नाही. घाटकोपरच्या टेकडीवर आमची दहा बाय दहाची खोली. वडील जालन्याकडचे, घरात बोलणं तिकडचं. पाचवीत मी "आलो व्हतो" म्हणालो तर वर्ग हसला, आणि मागच्या बाकावरून एकाने माझं आडनाव घेतलं. नुसतं आडनाव. त्या दिवसापासून मी माणसं ऐकायला लागलो. बाईंचं बोलणं, पोस्टमनचं, खालच्या गुजराती दुकानदाराचं. पुढे ज्या घरात जाईन त्या घराची भाषा बोलायचो. लोक गाव विचारायचे आणि आडनाव विचारायचं विसरायचे. नट मी तेव्हाच झालो. कॅमेरा फार नंतर आला.

२८ जानेवारी

दशरथ धुरीच्या घरी, इथेच दहिसरला, नदीच्या अलीकडे चाळीत. सोबत जया.

दशरथ माझा वीस वर्षांचा दोस्त. डबिंग करतो. दाक्षिणात्य सिनेमांतले निम्मे पोलीस आणि सगळे पुजारी याच्या गळ्यातून बोलतात. गळा असा की अंगावर शाल पांघरल्यासारखं वाटावं. पण उंची पाच फूट एक आणि डावा डोळा तिरका, म्हणून कॅमेऱ्यासमोर कुणी उभं करत नाही. स्वतःच म्हणतो, "माका बगूक कोण येतलो रे? ऐकूक येतत." पंचवीस वर्षं काचेमागे उभा राहून दुसऱ्यांच्या तोंडात बोलतोय. मला त्याचं वाईट वाटतं. बोलून दाखवत नाही.

त्याची आई सोनूबाई, वय शहाऐंशी, दात शून्य, बोलणं अखंड. मी तिच्यासमोर स्टूल टाकून दोन तास बसलो. एकदा तिने मला काहीतरी विचारलं, मी हसून मान डोलावली. परत विचारलं, परत डोलावली. म्हाताऱ्या माणसांना उत्तर नको असतं, सोबत हवी असते. मग ती दशरथकडे वळून म्हणाली, "ह्यो बरो आसा रे."

दशरथ चपापला. "आये, गप रव."

जया खिडकीबाहेर बघायला लागली.

आमच्या लोकांना कौतुक झेपत नाही. मालवणी म्हातारीने पहिल्याच भेटीत बरो म्हणावं, चांगला आहे म्हणावं, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कुठलं? उठताना तिच्या पाया पडलो.

११ फेब्रुवारी

सोनूबाईचं बोलणं फोनवर भरून आणलंय, रोज सकाळी लावून बसतो. आज शेजारच्या नीलमने जयाला विचारलं, "काकू, तुमच्याकडे कुणी म्हातारी भांडायला येते का?" भिंती कागदाच्या आहेत या नव्या टॉवरांच्या.

२३ फेब्रुवारी

मालिकेच्या सेटवर तमाशा. काल गंधालीचा फोन आला, कॉल आठचा. गंधाली म्हणजे आमची सहायक दिग्दर्शिका, कोण किती वाजता हजर हवं ते ती कळवते. मी पावणेआठला पोचलो तर लाइट लागलेले, सगळे मेकअप करून तोंडं पाडून बसलेले.

"सर, मी सात म्हणाले होते."

"आठ म्हणालीस, बाळा."

"सर, सात. मेसेजपण टाकलाय."

मेसेज मी बघत नाही. आयुष्यभर तोंडी कॉल घेतला, एकदा चुकलो नाही. ही नवी पिढी बोलताना शब्दांची टोकं खाते. पूर्वीचे लोक सात म्हणाले की भिंतीला ऐकू जायचं.

पुढे सीनमध्येही तेच. नायिका पाठ करून बोलत होती, मी तिचं संपलं असं समजून माझं सुरू केलं, साउंडवाला ओरडला, "ओव्हरलॅप!" तिसऱ्यांदा झाल्यावर गंधाली म्हणाली, "सर, मी लाइटच्या मागून प्रॉम्प्ट करू का? हात करते फक्त."

प्रॉम्प्टिंग. मला. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "जिला स्पष्ट बोलता येत नाही तिला प्रॉम्प्ट कर." हशा आला. गंधाली हसली नाही.

२४ फेब्रुवारी

काल बोललो ते जरा जास्त झालं. आज तिच्यासाठी राजगिऱ्याची चिक्की नेली. घेतली तिने, "थँक्यू सर" म्हणाली. ओठांवरून तरी तेच वाटलं.

आमचा सेट मरोळच्या वसाहतीत, जुन्या गाळ्यात. दोन गाळे सोडून मी बारा वर्षं पत्रा ठोकायच्या पॉवर प्रेसवर होतो. सहा प्रेस, दिवसभर धाड धाड, पत्र्याच्या छपराखाली. आज तिथे पार्सलचं गोदाम आहे. जेवणाच्या सुट्टीत सेटवरच्या पोरांना गंमत सांगितली: मशीन चालू असताना आम्ही तिथे पोटभर गप्पा मारायचो. आवाज न काढता. समोरच्याचे ओठ बघायचे की झालं. कुणाच्या घरी भांडण, कुणाचं लग्न ठरलं, सगळं. रेवतीने विचारलं, "काका, मग कानांना त्रास नाही झाला?" रेवती म्हणजे मालिकेतली धाकटी सून. मिहिरच्या सिनेमातही आहे, नर्स.

म्हटलं, "उलट. कान तिथेच तयार झाले."

७ मार्च

मालिकेत मामांना, म्हणजे मला, अर्धांगवायूचा झटका येणार. वाचा बंद. पलंगावर पडून राहायचं, डोळे उघडे.

प्रॉडक्शनचा केयूर सांगायला स्वतः व्हॅनिटीत आला. दार लावलं, समोर बसला. "सर, तुमच्या सिनेमाच्या तारखा आहेत ना, म्हणून ॲडजस्ट केलंय. टेन्शन नको. डोळ्यांनी खेळा."

तारखांसाठी अख्खा ट्रॅक बदलला! या धंद्यात चांगली माणसं नाहीत असं म्हणणाऱ्यांनी केयूरला भेटावं. घरी जयाला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापता थापता थांबली.

"वाचा कधी परत येणार?"

"ते लेखक ठरवतील."

"आणि तुम्ही विचारलं नाहीत?"

जया पालिकेच्या इस्पितळात तेहतीस वर्षं नर्स होती. तिला सगळीकडे पेशंट दिसतात.

१८ एप्रिल

सिनेमाचा चौथा दिवस. घाटकोपरला एका चाळीत शूटिंग. बाप दारोदार विचारत फिरतो, "माझो झील खंय गेलो? हंय इलो काय?" माझा मुलगा कुठे गेला, इथे आला का. समोरची माणसं नुसती मान हलवतात. प्रत्येक दार एका टेकमध्ये. मिहिर मॉनिटरवरून उठून आला आणि माझा हात दाबला. चाळीतली एक खरीखुरी बाई आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिला खरंच वाटलं माझं कुणी हरवलंय.

एकोणतीस वर्षं याच दिवसासाठी बसलो होतो त्या खुर्चीवर. हा सिनेमा लागला की मला कुणी "बँकेत होता ना" विचारणार नाही.

२६ एप्रिल

कसं लिहू. घडलं तसं लिहितो.

बंद पडलेल्या एका नर्सिंग होममध्ये सीन. बाप वॉर्डात येतो. नर्स म्हणते, "आजोबा, जरा बसा, डॉक्टर येतायत." तो म्हणतो, "बरां. मी बसतंय हंय. सावकाश येवंदेत." एवढंच. रेवतीने मास्क लावलेला.

टेक झाला. मी माझं वाक्य बोललो, हसून बोललो, बाकावर बसलो, पिशवी मांडीवर घेतली. कुणी कट म्हणेना. मग मिहिर धावत आला आणि मला मिठीच मारली. डोळ्यांत पाणी. "काका, काय केलंत हे! मी असं लिहूच शकलो नसतो." लाइटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी आपला नम्रपणे हात जोडून उभा. काय केलं ते मला माहीत नव्हतं, पण टाळ्या वाजत असताना विचारत नाहीत.

मिहिर म्हणाला, अजून एकदा, जवळून घेऊ, अगदी तस्संच. घेतलं. या वेळी मिठी नाही. परत घेतलं. पुन्हा नाही. रेवती माझ्याकडे टक लावून बघत होती. मग ती मिहिरला कोपऱ्यात घेऊन गेली, मास्क खाली ओढला. खोली लांबलचक, मी या टोकाला, ती त्या टोकाला. पण ओठ मला स्वच्छ दिसले.

"त्यांना ऐकूच गेलेलं नाही रे. तू सांगितलंस म्हणून मी 'आजोबा, तुमचा मुलगा वारला' म्हणाले. आणि ते म्हणाले, बरं, मी बसतो इथे."

मिहिरने मला न सांगता तिचं वाक्य बदललं होतं. मी कसा हादरतो ते त्याला बघायचं होतं.

२७ एप्रिल

सुट्टी. जयाला सांगितलं. ती जराही चकित झाली नाही, त्याचाच जास्त राग आला.

"माहीत होतं तुला?"

"तीन वर्षं. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं तुम्ही सोडलंत तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले. तुम्हाला ऐकू आलं नाही." मग जरा हसली, जरा रडली. "अहो, त्या सोनूबाईंनी सुद्धा एका दिवसात ओळखलं."

"काय ओळखलं? बरो म्हणाली ती मला."

"बरो नाही. बहिरो. ह्यो बहिरो आसा रे, असं म्हणाल्या त्या."

मी तिच्या पाया पडलो होतो.

३० एप्रिल

बोरिवलीला कानाच्या डॉक्टरांकडे. डॉ. शुभा, चाळिशीच्या, हसऱ्या. काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन घातले. बारीक आवाज आला की बटण दाबायचं. आवाज काही येत नव्हता, पण काचेतून त्यांचा खांदा दिसत होता. यंत्र दाबलं की किंचित हलायचा. मी खांद्यावर नजर ठेवून सटासट बटण दाबलं. सगळी उत्तरं बरोबर.

त्यांनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि खुर्ची फिरवून पाठ केली.

नंतर तोंडासमोर पुठ्ठा धरून दहा शब्द म्हणाल्या, मी परत म्हणायचे. दहापैकी तीन. पुठ्ठा काढून तेच दहा म्हणाल्या. दहापैकी नऊ.

"ओव्हाळ साहेब, तुम्ही माणसं ऐकत नाही. वाचता. फार वर्षं वाचताय."

म्हटलं, "मॅडम, तुमचं मराठी जरा गुजराती वळणाचं आहे, त्याने होतं." त्या म्हणाल्या, असेल. मशीन लिहून दिलं, दोन्ही कानांना. मी सांगितलं, शूटिंग संपेपर्यंत नाही. कॅमेऱ्यात दिसेल. "आतल्या आत बसणारं येतं," सोबत आलेली जया म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं. आता तेवढी सोय झाली आहे.

९ मे

शेवटचा महत्त्वाचा सीन. बापाला मुलगा सापडतो. शवागारात. चादर बाजूला करून तो मुलाच्या कानाशी वाकतो आणि कुजबुजतो, "चल रे झिला, घराक." चल बाळा, घरी. मिहिर म्हणाला, "काका, लेकराला झोपेतून उठवतात ना, तेवढाच आवाज. शेजारच्याला कळता कामा नये."

मी कुजबुजलो.

"काका, हळू."

अजून हळू कुजबुजलो.

"काका, हळू. खोली घुमतेय."

माझ्या छातीत आवाज जवळजवळ नव्हताच, देवाशपथ. पण प्रेत बनून पडलेला मुलगा पाचव्या टेकला दचकला. बाराव्याला मी आवाज पूर्ण सोडला, नुसता श्वास. तर म्हणे आता काहीच नाही. चौदा झाले. मला आयुष्यात पाचवा टेक कधी लागला नव्हता. चौदाव्यानंतर मिहिरने खांद्यावर हात ठेवला आणि बरोबर माझ्या तोंडासमोर तोंड आणून, एकेक शब्द सुटा करून बोलला, "मिळालं. काका. छान. झालं."

तो असा कधी बोलत नाही. कुणीतरी सांगितलेलं दिसतंय, माझ्याशी कसं बोलायचं ते.

१९ जून

मालिकेतून फोन आला. मामा झोपेतच गेले. माझी गरज नाही, हार घातलेला फोटो पुरेल. फोटो त्यांच्याकडे आहे.

२ जुलै

"थोडंसं डबिंग लागेल, काका. चारपाच सीन." मिहिर. सिंक साउंडचं काय झालं, असं मी विचारलं नाही.

अंधेरीला स्टुडिओत दोन दिवस. हेडफोनचा आवाज पूर्ण वर. ओरडण्याचे, भांडणाचे सीन पहिल्या फटक्यात. हळू बोलायचे सीन आले की काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट कानावरून हेडफोन उचलायचा, गरम लागल्यासारखा. मालवणीचा हेल निसटतोय म्हणाला. नाकातला सूर खाली जाऊन परत वर यायला हवा, माझा सरळ चाललाय.

"ठीक आहे," मिहिर म्हणाला. "मिक्सिंगमध्ये सांभाळून घेऊ."

"माझाच आवाज ठेवशील ना?"

तो मान खाली घालून वायर गुंडाळत होता. काय म्हणाला ते दिसलं नाही. हो म्हणाला असणार.

२१ जुलै

मशीन आणलं. आठवडाभर लावलं. फ्रिज बोलतो. पंख्याला दमा आहे. वर्तमानपत्र उलगडलं तरी पत्रा फाटल्यासारखं. हे सगळं सहन केलं असतं. पण तोंड उघडलं आणि स्वतःचा आवाज आला. पातळ, टिनाच्या डब्यातून आल्यासारखा, कुणा भलत्याच माणसाचा. हा मी नव्हे. पंचावन्न वर्षं ज्याला ओळखतो तो छातीत आहे. मशीन डबीत घालून कपाटात ठेवलं.  आता जया समोर येऊनच बोलते, उजेडाकडे तोंड करून, पेशंटशी बोलल्यासारखी.

१७ ऑगस्ट

दशरथ आला, दीड महिन्याने. घसा पार बसलेला, मला दिसत होतं, शब्दाशब्दाला गळ्याची शीर उभी राहत होती.

"कुठे एवढं काम करतोयस?"

"आसा एक. बापाचां काम."

"साउथचं?"

त्याने जयाकडे बघितलं. जया उठून आत गेली.

"आरडाओरडा आहे का रे फार?" मी विचारलं.

"नाय रे. उलटां. हळू बोलूचा हा. कुजबुजान कुजबुजान घसो गेलो." कोकम सरबत तसंच ठेवून उठला. चपला घालता घालता माझा दंड धरला. "धोंड्या, मनाक लावन घेव नको हां."

"काय?"

"काय नाय. असांच."

बिचारा. मालिका गेली म्हणून माझं सांत्वन करायला आला होता, आणि नीट करताही आलं नाही. मीच त्याला म्हटलं, "दश्या, तू काळजी करू नको. सिनेमा येऊ दे. तुलाही आपण एखाद्या सीनमध्ये उभा करू. डोळा तिरका असला म्हणून काय झालं."

तो मान हलवत जिना उतरला.

३ ऑक्टोबर

काम नाही. फोन नाही. आला तरी मला वाजलेला कळत नाही, जया आणून देते. दोन ऑडिशन झाल्या. एकीत मुलगी कॅमेऱ्यामागे अंधारात बसून समोरची वाक्यं वाचत होती. अंधारात ओठ दिसत नाहीत. पुढचं लिहीत नाही.

सिनेमावर सगळं आहे. एकदा लोकांनी हा बाप ऐकला की मग मी काय करू शकतो ते निदान पडद्यावर राहील.

१४ डिसेंबर

आज अंधेरीला, छोट्या थिएटरात, कामाच्या सगळ्या माणसांसाठी सिनेमा दाखवला. अजून घरी येऊन कपडे बदललेले नाहीत.

जया शेजारी. दशरथ मागच्या रांगेत, टोकाला. त्याला कुणी बोलावलं ते कळलं नाही, पण बरं वाटलं. त्याच्या आईकडून शिकलो, त्याने बघायलाच हवं होतं.

मशीन लावून चला, असं जयाने दोनदा सांगितलं होतं. मी लावलं नाही. मला माझा आवाज त्या डब्यातून ऐकायचा नव्हता.

दिवे गेले. पहिलं दार, पहिलं वाक्य, "माझो झील खंय गेलो?" आणि छातीत एकदम ओळख पटली. मिहिरने शब्द पाळला. माझाच आवाज. थोडा मऊ केलाय त्यांनी, कडा घासल्यात, पण माझाच. माझ्या ओठांवर बरोब्बर बसलेला, एका अक्षराचा फरक नाही. जयाचा हात दाबून म्हटलं, "बघ, ठेवला." तिने माझ्याकडे बघितलं नाही.

बाप दारोदार फिरला. वॉर्डातल्या बाकावर जाऊन बसला. माझी ती चूक मिहिरने ठेवली आहे. मुलगा वारला ऐकून "बरां, मी बसतंय हंय" म्हणणारा म्हातारा, आणि समोर कुणीतरी हुंदका दिला, खांदे हललेले दिसले. मग शवागार. मी वाकतो, चादर सरकवतो. तिथे त्यांनी आवाज इतका खाली नेलाय की मला काही ऐकू आलं नाही. पण माझेच ओठ, मला वाचता येतात. चल रे झिला, घराक. आणि माझ्या पुढची सगळी रांग रडत होती. रेवती तोंडावर ओढणी धरून. मालिकेचा केयूर पाहुणा म्हणून आला होता, तो सुद्धा. म्हणजे कुजबुज पोचली होती, शेवटच्या खुर्चीपर्यंत. ते चौदा टेक फुकट गेले नाहीत. मी वळून दशरथकडे बघितलं, अंगठा दाखवला. तो दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता.

पडदा काळा झाला, नावं सुरू झाली. पहिलं नाव माझं, एकटं, मोठ्या अक्षरात. टाळ्या वाजल्या, मी बसल्या जागी डोळे पुसले.

जया उठली. माझी बाही ओढली. "चला आता. घरी जाऊ."

"थांब. सगळी नावं बघायची."

"अहो, चला ना."

"एकोणतीस वर्षं लोक आमची नावं न बघता उठतात. आपण बसू."

ती बसली. इतर नट गेले, कॅमेरा गेला, लाइट, कपडे, जेवणवाले. मग ध्वनी. रेकॉर्डिस्ट, बूम, मिक्सिंग. त्याखाली एक ओळ होती.

धोंडिराम ओव्हाळ यांचा आवाज: दशरथ धुरी.